पुढच्या हाताची पाळी

मी हात दाबला, आणि तिनं तो उलट दाबला.

झालं एवढंच. पण जिथं झालं तिथं सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, सगळ्यांचे हात एकमेकांत अडकलेले होते, आणि आता पुढचा आवाज माझा येणार असं सगळे धरून चालले होते. आमच्या बुधवारच्या प्रार्थनेची एक रीत आहे. गोलात बसायचं, दोन्ही बाजूंच्यांचे हात धरायचे, डोळे मिटायचे. प्रार्थना उजवीकडून डावीकडे फिरते. ज्याची पाळी असेल तो मोठ्यानं बोलतो, आणि त्याचं संपलं की डावीकडच्याचा हात हलकेच दाबतो. म्हणजे आता तू. ज्याला मोठ्यानं बोलायचं नसेल त्यानं बोलायच्या ऐवजी नुसता हात दाबावा, पाळी पुढं जाते. कुणी काही म्हणत नाही, नंतर चहाच्या वेळीही विचारत नाही. ही रीत कुणी काढली देव जाणे, पण ज्यानं काढली त्याला माझ्यासारख्या माणसांची चांगली माहिती असणार. मी या गोलात आजवर तोंडातून ब्र काढलेला नाही. उजवा हात दाबला गेला की मी डावा दाबतो. डावीकडं नर्सबाई असायच्या, रिटायर झालेल्या, हात मऊ आणि कायम साबणाचा वास. माझा दाब पोचायच्या आत त्यांचं "हे दयाळू पित्या" सुरू झालेलं असायचं. इतकं बिनबोभाट चालायचं सगळं, की नव्या माणसाला वाटावं, या गोलात मी बसलेलोच नाही. मला तेच हवं होतं.

पण नर्सबाई गेल्या आहेत लेकीच्या बाळंतपणाला, आणि त्यांच्या खुर्चीत आज ही नवी बाई. बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसते. कुठली गाडी कुठून सुटते, कधी सुटते, का सुटली नाही, हे दिवसभर सांगत असते. सुरुवातीला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी ओळख करून दिली तेव्हा तिनंच हसत सांगितलं की या नोकरीनं वाईट खोड लागली आहे, कुणी कुठंही काही विचारलं की तोंडातून उत्तर बाहेर पडतं. घरी टीव्हीवरच्या माणसानं प्रश्न विचारला तरी ती स्वयंपाकघरातून उत्तर देते. सगळे हसले. मग गीत झालं, वचन वाचून झालं, आणि पाळकसाहेब म्हणाले, चला, हात धरू या. रीत सांगायची राहून गेली. नव्या माणसाला रीत समजावणं हे नर्सबाईंचं काम, आणि त्या नव्हत्या, म्हणून ते कुणाचंच काम नव्हतं. तर मी हात दाबला. तिला वाटलं असणार, या गप्प बसलेल्या माणसाला काहीतरी होतंय. तिनं माझा हात उलट दाबला, धीर दिल्यासारखा. मी गडबडलो. पुन्हा दाबला, जरा जोरात. तिनंही पुन्हा दाबला, जरा जोरात, आणि वर अंगठा माझ्या हाताच्या पाठीवर दोनदा हळूच फिरवला. बिचारीच्या मनात किती चांगलं होतं! मी मात्र पार फसलो होतो.

बुधवारची प्रार्थना शिंप्याच्या दुकानात होते. चर्च लांब पडतं, आणि आमच्यातले निम्मे गुडघ्यांचे. शिंपी संध्याकाळी शटर अर्ध्यावर ओढतो, मशिनी भिंतीला लावतो, कापडाच्या चिंध्या पायानं एका कोपऱ्यात सारतो आणि खिडकीतल्या बिनडोक्याच्या पुतळ्यावर चादर टाकतो. प्रार्थनेत तो बरा दिसत नाही म्हणे. मला उलट चादरीखालीच तो जास्त खटकतो. कुणीतरी आलं आहे आणि त्याला कुणी खुर्ची दिलेली नाही असं वाटत राहतं. इस्त्री निवत आलेली असते, तिचा तो ओल्या कापडाचा वास खोलीभर असतो. शटरखालून रस्त्यावरच्यांचे नुसते पाय जाताना दिसतात. म्हणजे डोळे उघडे असले तर. आता ते मिटलेले होते, आणि मला फक्त पंख्याची करकर ऐकू येत होती, आणि उजवीकडं आमेनमामांचा श्वास. आमेनमामा पूर्वी ट्रक चालवायचे. आता कुणी काहीही म्हटलं की त्यावर आमेन म्हणतात, एवढंच त्यांचं काम. पाळकसाहेबांनी पंखा जरा कमी करा म्हटलं तरी आमेन. त्यांची खालची कवळी मी केली आहे. हिरड्या आटल्या, आता ती सैल झाली आहे, त्यामुळं त्यांच्या आमेनच्या शेवटी बारीक टक् असा आवाज येतो. लॅबमध्ये या, बसवून देतो, असं मी कितीदा सांगितलं. ते म्हणतात, प्रभू येईपर्यंत चालेल.

हो, मी कवळ्या करतो. दातांच्या लॅबमध्ये आहे. डॉक्टर लोक तोंडाची मापं पाठवतात, आम्ही त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढतो, साच्यावर मेण, मेणावर दात, मग शिजवणं, घासणं, चकाकी. माणूस आम्हाला दिसत नाही, फक्त त्याचं तोंड येतं. सगळं आयुष्य लोकांची तोंडं हातात धरून काढलं, आणि स्वतःचं उघडायची वेळ आली की दातखिळी. हा विनोद माझा नाही, माझ्या बायकोचा आहे. ती हा विनोद कुणालाही सांगायची, दूधवाल्याला सुद्धा.

खोली थांबली होती. आमच्यात मधूनमधून शांतता असतेच, पण तिला एक माप असतं, आणि ते माप आता उलटून गेलं होतं. कुणीतरी खाकरलं. शिंप्याच्या खुर्चीची कडी करकरली. मग पाळकसाहेबांचा आवाज आला, अगदी हळू, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा. "भाऊ, घाई नाही."

मेलो. आता पाळी माझ्याकडं अडली आहे हे सगळ्यांना कळलं. त्याहून वाईट म्हणजे त्यांना असं वाटलं की मी बोलायला निघालो आहे. इतक्या दिवसांनी, शेवटी, मी बोलणार. मिटलेल्या डोळ्यांआड सगळ्यांचे चेहरे हळूहळू मऊ होत चालल्याचं मला न बघता दिसत होतं, आणि त्या मऊपणाची मला भीती वाटली. खोटं बोलायचं नव्हतं. प्रवासातल्यांना सांभाळ, आजाऱ्यांना उठव, अशी दोन वाक्यं कुणीही म्हणू शकतो, मीही म्हणू शकलो असतो. पण ती माझ्या तोंडून आली असती तर दुसऱ्याची कवळी घातल्यासारखी आली असती, आणि असं तोंड ओळखण्यात माझा जन्म गेला आहे. आणि खरं बोलायचं तर काय बोलायचं? माझा विश्वास आहे की नाही हे मी बरेच दिवस तपासलेलं नाही. बंद खोलीसारखं ते मी ठेवून दिलं आहे, जाता-येता दार दिसतं, उघडत नाही. मी इथं येतो कारण इथं दोन माणसं माझे हात धरतात. आठवड्यात दुसरं कुणी धरत नाही. लॅबमध्ये हातमोजे असतात, दुकानदार सुटे पैसे काउंटरवर ठेवतो, शेजारी लांबून मान हलवतो. घरी मी आणि नळ. बुधवारी तेवढं कुणाचं तरी कातडं माझ्या कातड्याला लागतं, आणि त्यावर मी पुढचा बुधवार गाठतो. हे देवाला मोठ्यानं सांगायचं? आमेनमामांचा हात धरून? त्यांनी झटकन सोडला असता, किंवा, त्याहून वाईट, दोन्ही हातांनी धरला असता.

ती बोलायची. माझी बायको. मी मनातल्या मनात तिचं नाव घेतो तेव्हाही पुढचं वाक्य तीच बोलून टाकते, मला संधी मिळत नाही. या गोलात ती माझ्या उजवीकडं बसायची, जिथं आता आमेनमामा बसतात, आणि तिची प्रार्थना म्हणजे देवाशी मारलेल्या गप्पा असायच्या. गॅस कसा ऐन पाहुणे असताना संपला, वरच्या मजल्यावरची पोरगी परीक्षेत कशी रडत गेली, तिच्या बहिणीनं फोनवर काय टोमणा मारला आणि त्यावर हिनं काय ऐकवलं. मग मध्येच थांबून, "हे चुकलंच माझं, प्रभू, पण तिचंही चुकलं," असं. लोक मिटल्या डोळ्यांनी हसायचे. पाळकसाहेब म्हणायचे, हिची प्रार्थना झाली की मला पेपर वाचावा लागत नाही. आणि अगदी शेवटी, येशूच्या नावानं मागते म्हणायच्या आधी, दर बुधवारी न चुकता ती एक वाक्य म्हणायची. "आणि आमचे हे मनातल्या मनात बोलतात, तेवढं ऐकून घे." मग माझा हात दाबायची, मी नर्सबाईंचा दाबायचो. माझी प्रार्थना झालेली असायची. कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मला तर मुळीच नाही. घरात टपाल बघणारं, बिलं भरणारं, लग्नामुंजींना जाणारं एक माणूस असलं की दुसऱ्याचं भागतं, तसं आमचं देवाच्या बाबतीत भागत होतं. ती गेल्यावर कपडे कसे धुवायचे हे मी शिकलो, भात शिकलो. पण मी मनातल्या मनात बोलतो आहे हे तिकडं आता कोण सांगणार, याचा विचार मी केला नव्हता. आज, या नव्या बाईचा गार हात हातात घेऊन बसलो असताना, तो एकदम समोर आला. म्हणजे इतके दिवस मी बसायचो, गप्प, आणि मला वाटायचं कुठंतरी जात असेल. कुठं जात होतं ते? कुणी उचलत होतं का?

ती दोन बुधवारांच्या मध्ये गेली. एका बुधवारी तिनं देवाला माझ्या खोकल्याबद्दल सविस्तर कळवलं होतं, आणि पुढच्या बुधवारी ती नव्हती. सकाळी चहा गाळत होती, गाळणं हातातून पडलं, मी आतून विचारलं, काय झालं, आणि पहिल्यांदाच तिनं उत्तर दिलं नाही. डोक्यातली शीर फुटली म्हणे. तिच्यासाठी प्रार्थना करायला कुणाला वेळच मिळाला नाही, हे पाळकसाहेबांना फार लागलं होतं. ते तसं म्हणालेही. मला तेव्हा बरं वाटलं होतं. सगळ्यांनी मागितलं असतं आणि मिळालं नसतं, तर मी या दुकानाची पायरी पुन्हा चढलो नसतो. तशीही चढणार नव्हतो. पण प्रार्थनेच्या घडीच्या खुर्च्या आमच्या घरी असायच्या, कारण आमचं घर तळमजल्यावर आणि तिनं कधी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. बुधवार आला, खुर्च्या पोचवायला हव्या होत्या. मी दोन खेपांत आणल्या, मांडल्या, आणि जायला वळलो तर गोलात एक जागा उघडी पडली होती आणि नर्सबाई हात पुढं करून बसल्या होत्या. हात तसाच धरून राहिल्या, नुसता लोंबता. मला तो तसा सोडून जाणं जमलं नाही. मी बसलो. तेव्हापासून दर बुधवारी मी खुर्च्या आणतो आणि मग जाता जाता बसतो, असं माझं मला सांगणं आहे.

आणि आता ते संपणार होतं. कारण मी काहीही खरं बोललो की मी विनंती होणार. आमच्यात कुणाच्या अडचणीला विनंती म्हणतात, आणि ती एकदा गोलात ठेवली की दर आठवड्याला सगळे आलटून पालटून ती उचलतात. शिंप्याचं बघा. त्याचा मुलगा बापाशी भांडून निघून गेला, फोन उचलत नाही. शिंप्यानं एका बुधवारी ते सांगितलं, रडला. तेव्हापासून तो शिंपी राहिला नाही, तो मुलगा गेलेला माणूस झाला. रस्त्यात लोक त्याला पँटीची उंची न सांगता आधी विचारतात, काही कळलं का? तो पूर्वी नकला करायचा, पाळकसाहेबांची तर हुबेहूब. आता नकला करत नाही. लोक कसे बघतील ही धास्ती. माणसं वाईट नाहीत. प्रेमानंच करतात सगळं, आणि म्हणून त्यातून सुटका नाही. मी बोललो असतो तर पुढच्या आठवड्यात कुणीतरी डबा घेऊन आलं असतं, पाळकसाहेब घरी आले असते, खुर्चीच्या कडेला बसून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला असता. आणि बुधवारी माझा हात धरणाऱ्यानं तो माझा म्हणून धरला नसता, एकट्या माणसाचा म्हणून धरला असता. त्यात फरक आहे. तो कुणाला समजावून सांगता येत नाही, पण हाताला कळतो. मला तेवढंच तर उरलं होतं, की कुणीतरी माझा हात काही विचार न करता धरतं.

तरीही मी तिसऱ्यांदा तिचा हात दाबला नाही. का ते सांगतो. माझ्या जाकिटाच्या खिशात, डाव्या, माझ्या बायकोचे दात होते.

दुपारी मालकानं सांगितलं, कपाट रिकामं करा. मालक म्हणजे जुन्या मालकाचा मुलगा, स्वभावानं चांगला, मला काका म्हणतो. आता मापं फारशी येत नाहीत, डॉक्टर तोंडात एक कांडी फिरवतात आणि जबडा पडद्यावर दिसायला लागतो, हवा तसा फिरवता येतो. मग प्लॅस्टरचे साचे ठेवायचे कशाला? आणि जागा तर भाड्याची. त्याचं सगळं बरोबर होतं. मी गोणी घेऊन बसलो. एकेक साचा काढायचा, बुडाशी पेन्सिलीनं लिहिलेलं नाव बघायचं, गोणीत टाकायचा. कितीतरी नावं अशी, की ती माणसं आता नाहीत. त्यांचे दात मात्र जागच्या जागी, चावायच्या तयारीत. गोणीत पडताना कटकन मोडायचे. मी तसा कोडगा आहे, पंचवीस साचे टाकले तरी मला काही वाटलं नाही. मग खालच्या फळीवर मागं एक जोडी मिळाली, वरचा आणि खालचा, रबराची रिंग लावलेली. बुडाशी नाव नव्हतं. लिहिलं होतं, घरचं.

तिच्या दोन दाढा काढल्या होत्या त्या वेळचं. नव्या दाढा बाहेर कशाला, मीच करतो म्हणालो आणि सामान घरी आणलं. स्वयंपाकघरात स्टुलावर बसवली, मापाचा लगदा भरलेला ट्रे तिच्या तोंडात बसवला आणि सांगितलं, आता घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही. तिचे डोळे असे मोठे झाले! मी ट्रे बोटांनी धरून उभा, तिचं डोकं माझ्या पोटाला टेकलेलं, आणि आमच्या सगळ्या संसारात पहिल्यांदा घरात शांतता. मग काय झालं कुणास ठाऊक, मी बोलायला लागलो. काय वाट्टेल ते. लहानपणी आई मला गर्दीत चुकून एका दुकानात विसरून गेली होती, आणि परत आली तोवर मी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं, रडलोही नव्हतो, तिथंच उभा होतो, हे सांगितलं. हे मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं. तू आधी गेलीस तर मी तसाच उभा राहीन, हेही सांगितलं. तिला उत्तर देता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तिच्या, आणि मला वाटलं लगदा घशाकडं गेला, म्हणून मी घाईनं ट्रे काढला. ती ओठ पुसत म्हणाली, काय हे, माझं तोंड बंद केल्यावर तुमचं उघडतं होय? आणि पुढच्या बुधवारी देवाला सांगूनही टाकलं. तिच्या पुढच्या दोन दातांपैकी एक जरा दुसऱ्यावर चढलेला होता. हसताना ती तोंडावर हात धरायची. त्या दिवशी प्लॅस्टर वाळल्यावर मी म्हटलं, हा सरळ करता येईल, मी डॉक्टरांशी बोलतो. तिनं साचा हातात घेऊन उलटसुलट बघितला, आपलेच दात आपल्याकडं बघताहेत याची तिला गंमत वाटली. म्हणाली, राहू द्या की.

तर दुपारी तो मी गोणीत टाकला नाही, खिशात टाकला. कुणी बघितलं नाही. संध्याकाळी तसाच खुर्च्या घेऊन आलो. गीत म्हणताना तो मांडीला लागत होता. घरी नेऊन कुठं ठेवायचा याचा विचार मी सारखा करत होतो, आणि घरातली एकेक जागा डोळ्यांसमोर येऊन बाद होत होती. टेबलावर ठेवला तर जेवण जायचं नाही. कपाटात कोंडला तर ती कपाटात. तिच्या फोटोपाशी ठेवावा, तर फोटोत ती तोंडावर हात धरून हसते आहे. आणि टाकायचा तर प्रश्नच नाही. आता दोन्ही हात दुसऱ्यांच्या हातात होते, खिशात घालायला एक मोकळा नव्हता. एरवी दुपारपासून मी त्या चढलेल्या दातावर अंगठा ठेवून होतो. मला एकदम इतकं एकटं वाटलं, या गोलात, दोन्ही हात धरलेले असताना, तितकं घरी नळ ऐकत बसल्यावरही कधी वाटलं नव्हतं. मी गर्दीत त्या दुकानात उभा होतो आणि कुणाला सांगत नव्हतो. आणि जी तिकडं सांगायची तिचं तोंड माझ्या खिशात रबराची रिंग लावून बंद होतं.

"देवा," मी म्हणालो.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो घोगरा. आमेनमामांची बोटं एकदम ताठ झाली. मी पुढचं बोलण्याआधी थांबलो, पण आता थांबून भागणार नव्हतं.

"देवा, लॅबमधलं कपाट रिकामं करायला सांगितलंय. तिच्या दातांचा साचा आहे, तो माझ्या खिशात आहे. घरी ठेवला तर बघवायचा नाही. टाकवणार तर नाहीच. मी दुपारपासून विचार करतोय. कुठं ठेवू?"

एवढं बोललो आणि पुढचं येईना. येशूच्या नावानं मागतो, हे म्हणायचं असतं, तेही विसरलो. प्रश्न तसाच लोंबत राहिला, खोलीच्या मधोमध, आणि मला कळलं की झालं, आता तो शिंपी उचलेल, पाळकसाहेब उचलतील, या भावाच्या मनाला शांती दे म्हणतील, त्याच्या दुःखात तू सोबती हो म्हणतील, आणि मी विनंती होऊन घरी जाईन. माझे डोळे वाहायला लागले होते. हात मोकळे नव्हते, पुसता येईना. वाहू दिले. पंखा करकरत होता.

आणि डावीकडून आवाज आला. प्रार्थनेचा नव्हता तो. प्रार्थनेत आमचे सगळ्यांचे आवाज जरा खाली येतात, लांबतात. हा सरळ, स्पष्ट, खिडकीतून येतो तसा होता, कुणी विचारलं आणि माहीत असलेलं सांगून टाकलं.

"राहू द्या की खिशातच."

गोल सुरू असताना देवाऐवजी माणसाला कुणी उत्तर दिलं, असं आमच्यात कधी झालेलं नाही. आमेनमामांनी श्वास ओढून घेतला. आता काय होतंय कुणास ठाऊक असं वाटलं, आणि मग त्यांनी तेच केलं जे ते नेहमी करतात.

"आमेन," ते म्हणाले. आणि टक् असा आवाज आला.

पलीकडं शिंपी हसला. त्याला आवरलं नाही, नाकातून फुसकन बाहेर पडलं, पूर्वी नकला करताना पडायचं तसं. त्याच्या मागोमाग आणखी कुणीतरी. पाळकसाहेब गप्पच राहिले, आणि मला वाटतं, ते गप्प राहिले हे त्यांनी फार चांगलं केलं. नव्या बाईला आता उमगलं असावं की आपण काहीतरी भलतंच केलं. तिचा हात माझ्या हातात आखडला, निघून जायला लागला, आणि मी तो सोडला नाही. खिशाचं वजन होतं तिथंच होतं. घरी गेल्यावर जाकीट खुंटीला लावीन, सकाळी पुन्हा घालीन, लॅबमध्ये जाईन, आणि अंगठा जिथं ठेवायचा तिथं ठेवीन. यात न जमण्यासारखं काही नव्हतं. दुपारपासून घरातल्या सगळ्या जागा मी धुंडाळल्या होत्या, आणि तो आधीच ठेवलेला होता.

मी तिचा हात दाबला. आता पाळी तिची होती. तिला ते ठाऊक नव्हतं, आणि मला काही घाई नव्हती.